कॅम्पातलं रान

आम्ही राहायचो त्या जागेला सगळे कॅम्प म्हणायचे. तिसगावला जीपवाल्याला "कॅम्प" एवढंच सांगितलं की तो बरोबर फाट्यावर उतरवायचा. लष्कर तिथून कधीच निघून गेलं होतं. मोठ्या लढाईच्या वेळी इंग्रजांनी माळावर बराकी बांधल्या, पुढे काही वर्षं आपले जवान राहिले, मग तेही गेले आणि जागा एका सरकारी खात्याकडे आली. माझे बाबा त्या खात्यात कारकून होते. त्यांची बदली तिथे झाली तेव्हा मी अजून शाळेत जात नव्हते, आणि कॉलेजसाठी पुण्याला गेले तोवर आमचं घर तिथेच होतं.

बराक म्हणजे एक लांबच लांब खोली. सैनिकांच्या खाटा ओळीनं लागाव्यात म्हणून बांधलेली. खात्यानं मध्ये प्लायवूडचे आडोसे घालून तिची बिऱ्हाडं पाडली. आडोसे छतापर्यंत पोचत नव्हते. वर सगळ्यांचं मिळून एकच कौलारू छप्पर. शेजारच्या काकूंनी मिरचीची फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. त्यांच्या रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली की माझा दादा आमच्या बाजूनं आडोशाला पाठ लावून बसायचा आणि विकेट पडली की दोन्ही घरांतून एकदमच ओरडा व्हायचा. भिंतीला बंदुका टेकवायच्या लाकडी खाचा होत्या. आईनं त्यांत छत्री, केरसुणी आणि तिची बाजाराची पिशवी अडकवली होती.

आम्हा पोरांना ती जागा चांगली वाटायची. एवढं मोठं मैदान कुठल्याच गावात नव्हतं. मैदानाच्या टोकाला सलामी घ्यायचा चौथरा होता, त्यावर आम्ही शाळा-शाळा खेळायचो. झेंड्याचा खांब होता, झेंडा नव्हता. घरात नियम एकच होता: चांदमारीकडे जायचं नाही. चांदमारी म्हणजे नेमबाजीच्या सरावासाठी रचलेला मातीचा उंच ढीग. तो कॅम्पाच्या पार मागे, बाभळींत होता. त्यात जुन्या गोळ्या निघतात असं सगळे सांगायचे. दादा नववीत गेला तरी आईनं हा नियम सोडला नव्हता, आणि त्यानंही तो मोडला नव्हता.

आमच्याकडे दूध घालायला एक म्हातारे शेतकरी यायचे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. कॅम्पातले रस्ते लष्करी, सरळ, काटकोनात वळणारे. दोन्ही कडांना चुन्यानं रंगवलेले दगड. तात्या त्या रस्त्यांनी कधी येत नसत. ते मैदान तिरपं कापून, दोन बराकींच्या मधल्या बोळातून, मध्येच एक वळण घेऊन आमच्या मागच्या दाराशी निघायचे. आईनं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "हितनं आमचा बांध हुता, बाई. पायाला त्योच ठावं."

ते सगळं रान त्यांच्या वडिलांचं होतं. लढाईच्या वेळी लष्करानं घेतलं ते घेतलं. आमच्या बराकीच्या मागे त्यांची बाजरी असायची आणि जिथे खात्याचं गोडाऊन होतं तिथे विहीर. हे सगळं ते मापट्यानं दूध घालता घालता सांगायचे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"मग लष्कर गेल्यावर परत नाही मिळालं?" आईनं विचारलं होतं.

"कुनाला देनार? लष्कर गेलं, सायेब लोक आलं. आता तुमी हाय. चांगलं हाय, मान्सं तरी हायत."

दादा नववीत होता त्या दिवाळीच्या सुट्टीत आईनं तिसगावच्या बाजारातून लिंबाचं रोप आणलं. काळ्या पिशवीतलं, वीतभर. मागच्या दारी न्हाणीघराचं पाणी जातं तिथे ते लावायचं तिनं ठरवलं. दुपारची जेवणं झाल्यावर ती दादाला म्हणाली, "एवढा खड्डा काढून दे रे. चांगला खोल काढ."

जमीन मुरमाड होती. दादानं टिकाव घेतला. मी मागच्या पायरीवर सुपात शेंगा फोडत बसले होते. आई आत कणीक मळत होती. दादा मध्येच थांबून हाताला आलेला फोड बघत होता, मला म्हणाला, "तू येतेस का खणायला?" मी नाही म्हटलं. त्यानं परत टिकाव उचलला.

आवाज मला आठवत नाही. खूप लोकांनी मला विचारलं, आवाज केवढा झाला. गावापर्यंत ऐकू गेला म्हणतात. मला आठवतं ते हे की माझं सूप उलटं झालं होतं आणि दाणे मुरमात पडले होते, आणि मी ते वेचत होते. एकेक दाणा फुंकून सुपात टाकत होते. मग वर बघितलं तर दादा जमिनीवर बसला होता. पाय पसरून, लहान मूल बसतं तसा. त्याच्या तोंडावर मुरमाचे बारीक लाल ठिपके होते. दोन्ही कानांतून रक्ताचा ओघळ मानेवर आला होता आणि डावा हात त्यानं उजव्या हातात धरला होता. तो खूप मोठ्यानं विचारत होता, "काय झालं? काय झालं?" आई दारात आली होती. कणकेचे हात तसेच. ती काही बोलत होती, तिचे ओठ हलताना मला दिसत होते. माझेही कान बंद झाल्यासारखे होते, दादाचं ओरडणं तेवढं लांबून यावं तसं येत होतं, पण माझे संध्याकाळपर्यंत उघडले.

तात्या मैदानात म्हशी घेऊन होते. तेच पहिले पोचले. त्यांनी डोक्याचा पटका सोडला, अर्धा दादाच्या हाताला गुंडाळला, अर्धा डोक्याला, आणि त्याला खांद्यावर टाकून फाट्याकडे निघाले. नगरला जाणारी भरलेली जीप त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. आतली माणसं खाली उतरली. बाबा ऑफिसातून पळत आले, एका पायात चप्पल होती. आई मागे बसली, दादाचं डोकं मांडीवर घेऊन. जीप करंजीच्या घाटाकडे गेली.

शेजारच्या काकूंनी मला जवळ घेतलं. "रडायचं नाही हं. तू शहाणी आहेस ना?" मी रडत नव्हतेच. मी त्यांच्याकडे चहात बुडवून बिस्किटं खाल्ली. चव नेहमीसारखीच होती, याचं मला नवल वाटलं.

दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. तोंडावरच्या जखमा भरल्या. कान गेले. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतल्या नसा गेल्यात, पडदा शिवून उपयोग नाही.

जमिनीत फुटलं ते काय होतं, कुणाचं होतं, हे शेवटपर्यंत कुणी नक्की सांगितलं नाही. कुणी म्हणे इंग्रजांच्या वेळचं, कुणी म्हणे नंतरचं. पोलीस आले, मग लष्कराच्या वर्दीतली माणसं यंत्र घेऊन आली. त्यांनी मागची सगळी जागा पिंजून काढली, छोट्या लाल झेंड्या रोवल्या, काढल्या. आणखी काहीच सापडलं नाही. त्यांनी खड्डा बुजवला आणि वरून पाय देऊन दाबला. त्यांच्यातल्या एकानं बाबांना विचारलं, "मुलगा तिथे कशाला खणत होता?"

"लिंबू लावायला," बाबा म्हणाले.

त्या माणसानं मान हलवली आणि तो गाडीत जाऊन बसला. रोप काही दिवस पिशवीतच न्हाणीघराशी होतं. मग काकूंनी ते त्यांच्या भावाच्या मळ्यात पाठवून दिलं.

दादा घरी आला तेव्हा सुरुवातीला आम्ही सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचो. उपयोग नव्हता, तरी ओरडायचो. तोही ओरडायचा, कारण त्याला स्वतःचा आवाज कळत नव्हता. "भाजी वाढ" हे शब्द सगळ्या बराकीला ऐकू जायचे. आडोशापलीकडची घरं त्या वेळी अगदी गप्प व्हायची. मग हळूहळू आम्ही ओरडणं सोडलं. त्यानंतर बोलणंही कमी झालं. ठरवून नाही. दादासमोर आपापसात बोललं की तो एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत राहायचा, म्हणून बोलायचं राहून जायचं. आई तर जवळजवळ बोलतच नव्हती. ती स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, मागचं दार कडी लावून बंद ठेवायची आणि पाणी पुढच्या दारानं नेऊन टाकायची.

त्या दिवसांत दूध घालायला तात्यांची सून यायची. तात्या बरेच दिवस दिसले नाहीत. एका रविवारी सकाळी ते आले. हातात किटली नव्हती. डोक्याला नवा पटका होता. या वेळी ते पुढच्या दारानं आले, वहाणा बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत खाली बसले. बाबांनी खुर्ची पुढे केली ती त्यांनी घेतली नाही.

"भाऊसाहेब, मी माफी मागाया आलोय."

बाबांना कळेना. "तुम्ही कसली माफी मागता, तात्या? तुमच्यामुळं पोरगं वेळेत पोचलं."

"त्ये ऱ्हाऊ द्या. रान माझं हाय. कागदावर न्हाई, मला ठावं हाय. पर बापानं कसलं, मी कसलं. त्या रानात तुमच्या लेकराला इजा झाली."

"त्यात तुमचा काय दोष?"

"दोष हाय असं मी न्हाई म्हनत. माझ्या दारात पाव्हन्याला ठेच लागली तर मी गप बसंन व्हय? यावं लागतं."

तोवर इतके लोक येऊन गेले होते, खात्यातले, पोलिसातले, वर्दीतले. सगळ्यांनी प्रश्न विचारले होते. माफी हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

आई आतल्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "खड्डा मी काढायला सांगितला होता."

एवढंच. जीप गेली त्या दिवसापासून तिनं हे कुणालाही म्हटलं नव्हतं, आणि नंतरही माझ्यासमोर कधी म्हटलं नाही. तात्यांनी तिच्याकडे बघितलं.

"बाई, तुमी झाड लावाया सांगितलं हुतं," ते म्हणाले. "खड्डा न्हाई."

आई आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. तिनं चहा केला, कपबशी तात्यांच्या पुढ्यात ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. डोळे कोरडे होते. कुणाचेच ओले नव्हते.

दादा पलंगावर बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. त्यानं मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतायत?" बाबांनी हातानं "काही नाही" अशी खूण केली. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तोंड मोठं उघडून, आवाज न काढता म्हटलं, "माफी. मागायला. आलेत." दोनदा सांगावं लागलं. दादानं थोडा विचार केला. मग तो तात्यांना म्हणाला, "बरं. ठीक आहे." आवाज फार मोठा झाला. तात्यांनी त्याला हात जोडले, बशीतला चहा संपवला आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून दूध पुन्हा तेच आणू लागले, पूर्वीच्याच तिरप्या वाटेनं. आईनं मागच्या दाराची कडी काढली.

त्या दिवसापासून दादाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. कुणी मला नेमलं नाही. उजेडाकडे तोंड करून बोलायचं, शब्द तोडायचे नाहीत, हात तोंडापुढे आणायचा नाही, हे मी शिकले. तो तोंडं वाचायला शिकला. मिशीवाली माणसं त्याला वाचता येत नसत. इतिहासाच्या सरांना झुबकेदार मिशा होत्या, म्हणून इतिहास त्यानं नुसता पुस्तकावरून केला. एक वर्ष मागे राहिला, पण दहावी झाला. पुण्याहून कानाचं यंत्र आणलं होतं. त्यातून त्याला भांडी घासल्यासारखा आवाज यायचा. त्यानं ते खणात ठेवलं ते पुन्हा काढलं नाही.

आमच्याकडे टीव्ही आला तो त्यानंतर. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी आवाजाचं बटण पूर्ण खाली केलं. पुढची सगळी वर्षं आमच्या घरी टीव्ही तसाच चालला. बातम्या देणारी बाई तोंड हलवायची, सिनेमातली माणसं भांडायची, नाचायची, आणि आम्ही चौघं ओळीनं बसून बघायचो. कधी कधी दादाच आम्हाला सांगायचा, ती अमुक म्हणाली, तो तमुक म्हणाला. पलीकडच्या घरानंही रेडिओ हळू केला होता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत सगळे म्हणायचे, हिच्या घरी अभ्यासाला फार शांतता आहे. होती. माझा नंबर नेहमी वर असायचा.

बाबांची एकदा घोडेगावच्या ऑफिसात बदली झाली होती. रस्ता मोठा, गाव मोठं, क्वार्टर सिमेंटची. बाबांनी खेपा घालून ती रद्द करून घेतली. ज्या जागी मुलाचं असं झालं तिथे हे का राहतात, असं नातेवाईक विचारायचे. आत्यानं तोंडावर विचारलं तेव्हा आई म्हणाली, "त्याला इथली तोंडं ओळखीची झालीत."

मी बारावीत असताना तात्या गेले. ऊसतोडीला गेलेली माणसं परतायची होती, गावात म्हातारी आणि लहानच होती. खांदा द्यायला कॅम्पातली माणसं गेली, बाबा आणि दादाही. तिरडी कॅम्पातून नेली. फाटकावरच्या वॉचमननं काही न विचारता फाटक उघडलं. सलामीच्या चौथऱ्यापासून सरळ रस्ता होता, पण पुढे चालणारा त्यांचा मुलगा त्या रस्त्यानं गेला नाही. मैदान तिरपं कापून, बराकींच्या बोळातून, तेच वळण घेऊन ते आमच्या मागच्या दारावरून गेले. आई दारात उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि तिरडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून राहिली. काकू हुंदके देत होत्या. मी आईकडे बघत होते आणि माझ्या मनात होतं की आता दूध कोण आणेल.

पुण्याला हॉस्टेलमध्ये मुली मला गोष्टी सांगताना रडायच्या, हसायच्या. मी नीट ऐकायचे. मी चांगली ऐकते असं सगळ्यांचं मत होतं. माझ्या घरचं विचारलं की मी सगळं सांगायचे, लिंबाच्या रोपासकट, आणि मुलींचे डोळे भरायचे. त्या मला धरायच्या. मला त्यांचे हात जाणवायचे, गरम असायचे, बाकी काही नाही.

दादानं नगरला अक्षरजुळणीचं शिक्षण घेतलं, आता कॉम्प्युटरवरच असतं ते. एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवतो. खाली मशीन धडधडत असतं, बाकीचे कामगार वैतागतात, तो वर शांत बसून काम करतो. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. ती बोलायला लागली तेव्हा पहिल्यापासून त्याच्या तोंडासमोर तोंड आणून बोलायची. बाबा निवृत्त झाले आणि सगळे नगरला भाड्याच्या घरात राहायला गेले. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडी नगरच. खात्यानंही कॅम्प सोडला. मागच्या वेळी पाथर्डीला जाताना एसटीतून बघितलं तर कौलं उतरवलेली होती आणि पत्र्याचं कुंपण घातलं होतं. आत काय होणार आहे ते कंडक्टरलाही माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी आई फुप्फुसाच्या दुखण्यानं दवाखान्यात होती. नाकातोंडावर पारदर्शक मास्क. आवाज गेला होता. तिचे ओठ हलायचे, पण बाबांना कळायचं नाही, नर्सला कळायचं नाही, मी कान तिच्या तोंडाशी नेला तरी मला नुसती हवा ऐकू यायची. दादाला सगळं कळायचं. तो खाटेच्या पायाशी उभा राहून सांगायचा, "पंखा बंद करा म्हणते." "उशी खाली घ्या." "बाबा जेवले का विचारते." डॉक्टर राउंडला आले की त्यालाच बोलावून घ्यायचे.

एका दुपारी नर्सनं थोडा वेळ मास्क बाजूला केला, तेव्हा आई त्याच्याकडे बघून बराच वेळ बोलली. मध्ये मध्ये थांबून, श्वास घेऊन, पुन्हा. तो वाकून तिच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं एकदा मान हलवली. एकदा नाही म्हटलं. मग तिचा हात स्वतःच्या डाव्या हातात घेऊन थोपटला. मी पलीकडच्या बाजूला उभी होते, तिथून मला तिचा गालच दिसत होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"माझ्याशी बोलत होती," दादा म्हणाला. त्याच्या नेहमीच्या, सपाट, मोठ्या आवाजात. वॉर्डातल्या बायकांनी वळून बघितलं. मी पुन्हा विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

आई त्याच आठवड्यात गेली. दिवस झाले, नातेवाईक आले, गेले. आत्या मला कुशीत घेऊन म्हणाली, "रड ग, मोकळी हो." मी म्हटलं, "हो." दादा रडला. त्याला स्वतःचं रडणं ऐकू येत नाही, त्यामुळे तो अजिबात दबून रडत नाही, लहान मुलासारखा रडतो. त्याची मुलगी त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. मला ते बघवत होतं. मी सगळ्यांसाठी चहा टाकला.

आता आम्ही रोज दुपारी व्हिडिओवर बोलतो. मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये असते, तो छापखान्यात. मला आवाज काढावा लागत नाही, नुसते ओठ हलवले की पुरतं. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटत असेल की मी स्वतःशीच पुटपुटते. काल त्यानं विचारलं, "जेवलीस?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग जेव."

त्यानं फोन बंद केला नाही. टेबलाला टेकवून ठेवला आणि बघत बसला. मी डबा उघडला.